बांधाच्या आतले शहाणपण

कारखान्याभोवती उंच बांध घातला की पुराची चिंता मिटली, अशी अनेक उद्योगपतींची समजूत असते. थायलंडमध्ये २०११ साली ती पार खोटी ठरली. त्या ऑक्टोबरात चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील पुराने सात औद्योगिक वसाहती बुडविल्या. बांध होते, पाणी त्यांना न जुमानता आत आले. होंडाच्या तयार मोटारी पाण्याखाली गेल्या आणि वेस्टर्न डिजिटलचा कारखाना बंद पडताच हार्ड डिस्कचे भाव जगभर कडाडले.

मुंबईकरांना हे नवे नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. ज्या कचेऱ्यांत पाण्याचा थेंबही शिरला नव्हता, तेथील नोकरदारांनाही ती रात्र टेबलावर अथवा रस्त्यावर काढावी लागली. लोहमार्ग, नाले आणि मिठी नदी यांची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नसते. पण त्यांच्यावाचून एकही कंपनी चालत नाही.

कंपन्या स्वस्थ बसल्या आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विमा उतरविला जातो, वीजजनित्रे वरच्या मजल्यावर हलविली जातात, कच्चा माल दोन ठिकाणांहून मिळविण्याची तजवीज होते. मात्र ही सारी दक्षता मालाची आहे, माणसांची नव्हे. वैशाखाच्या उन्हात स्लॅब घालणाऱ्या मजुराने अथवा भर दुपारी घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या तरुणाने काम थांबविले, तर त्या दिवसाची मजुरी बुडते ती त्याचीच. हवामानाचा धोका येथे टळत नाही. तो केवळ दुबळ्या खांद्यावर ढकलला जातो.

‘सेबी’ने २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, हे योग्यच झाले. परंतु आपत्तिनिवारणाची योजना आहे काय, हा प्रश्न त्या नमुन्यात ऐच्छिक भागात घातला गेला आणि उत्तराला शंभर शब्द पुरेसे मानले गेले! आमच्या मते हा प्रश्न सक्तीचा व्हावयास हवा. शिवाय, उन्हाने वा पुराने काम थांबल्यास कंत्राटी कामगाराला त्या दिवसाची मजुरी मिळते काय आणि कारखान्यामागचा नाला मोकळा ठेवण्यासाठी कंपनीने काय केले, हेही विचारले जावे. या दोन प्रश्नांची उत्तरे भागधारकांनी वार्षिक सभेत मागितली, तर ती देणे कंपन्यांना भागच पडेल.