मंजूर होऊन पडून राहिलेला पूल

परळच्या त्या पुलासाठी पैसेच नव्हते, असं अजून बरेच जण सांगतात. पैसे होते, निदान कागदावर तरी. तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानकं जोडणारा जुना पूल अरुंद पडतो, नवा द्या, असं अरविंद सावंत आणि राहुल शेवाळे या दोन्ही खासदारांनी रेल्वेला लिहिलं होतं. बारा मीटर रुंदीचा, ११ कोटी ८६ लाखांचा पूल मंजूर असल्याचं तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी २०१६ मध्ये पत्राने कळवलंही होतं. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ऐन ऑफिसच्या वेळेला सर आली. लोक भिजायला नको म्हणून जिन्यातच थांबले, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या आणि २३ माणसं चेंगरून गेली. निविदेचे कागद तेव्हा अजून फिरतच होते. पश्चिम रेल्वेच्या चौकशीत दोष मुख्यतः पावसावर गेला. पाऊस काय, अपील करत नाही.

लालबाग-परळमधल्या माणसाला दिल्लीची चीड येते ती अशा जागी. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला, याचं आता इथे कुणाला फारसं काही वाटत नाही.

दुर्घटनेच्याच महिन्यात, १४ तारखेला, अहमदाबादला बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली होती. तेव्हाचा अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी. त्या पैशांत असले पूल किती झाले असते, हा हिशेब नाक्यानाक्यावर मांडला गेला. राग खरा होता, हिशेब मात्र फसवा. त्या खर्चापैकी ८१ टक्के पैसा हे जपानचं ०.१ टक्का व्याजाचं, पन्नास वर्षांत फेडायचं कर्ज आहे आणि ते त्याच कामाला बांधलेलं आहे. परळच्या जिन्याकडे ते वळवता आलं नसतं. फरक पडतो तो दुसरीकडे. बुलेट ट्रेनसाठी २०१६ मध्येच वेगळी कंपनी उभी राहिली. परळच्या पुलाचं एक टोक मध्य रेल्वेवर, दुसरं पश्चिम रेल्वेवर, आणि त्याचा पाठपुरावा करणं हेच ज्याचं काम, असा माणूस कुठेच नव्हता.

त्यात पादचारी पूल रेल्वेच्या वहीत ‘प्रवासी सुविधा’ या खात्यात मोडायचा. म्हणजे फलाटावरचं बाकडं, पंखा, पाण्याचा नळ यांच्या रांगेत. सुविधा म्हटली की ती सवडीने करायची. दुर्घटनेनंतर लगेच पादचारी पूल ही सुविधा नसून अत्यावश्यक बाब आहे, असं ठरलं. एक ओळ बदलायला तेवढी माणसं जावी लागली.

पैशाचंच म्हणाल, तर याच स्थानकाच्या आसपास केंद्र सरकारने भरपूर कमावले. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या एनटीसीच्या, म्हणजे केंद्राच्याच गिरण्या. २००५ मध्ये त्यांच्या जमिनी लिलावात गेल्या, पहिली २७६ कोटींना, दुसरी सुमारे ४४० कोटींना. तिथे काचेचे टॉवर उभे राहिले. भोंग्यावर पाळीला येणाऱ्या कामगारांपैकी बरेच जण आसपासच्या चाळींतून चालत यायचे. टॉवरमधला नोकरदार डोंबिवली-कल्याणहून परळला उतरतो आणि पूल ओलांडतो. जमीन विकणारं केंद्र, पूल न बांधणारंही केंद्रच. एका हाताने सातशे कोटींवर घेतले आणि दुसऱ्या हाताला बारा कोटींचं काम दोन वर्षांत सुरू करता आलं नाही.

शेवटी तिथे एक नवा पूल बांधला तो लष्कराने. ३१ ऑक्टोबर २०१७ ला घोषणा झाली, २७ फेब्रुवारी २०१८ ला लोक त्यावरून चालू लागले. चार महिनेसुद्धा लागले नाहीत. सैन्याने नागरी कामं करावीत का, यावर तेव्हा वाद झाला आणि तो रास्तच होता. पण त्या कामाने एक गोष्ट उघडी पाडली. इतकी वर्षं अडचण लोखंडाची नव्हती, इंजिनिअरांची नव्हती आणि पैशांचीही नव्हती.

म्हणून खासदाराला काम ‘मंजूर’ झालं का, हे विचारून उपयोग नाही. मंजुरीला तारीख नसते. अर्थसंकल्पाबरोबर रेल्वेची ‘पिंक बुक’ नावाची कामांची यादी निघते, ती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. आकडे हजार रुपयांत छापलेले असतात. कोट्यवधींच्या कामापुढे यंदाच्या तरतुदीच्या रकान्यात नुसता ‘१’ दिसला, तर वर्षाची तरतूद एक हजार रुपये, म्हणजे काम फक्त यादीत जिवंत ठेवलंय. आपल्या स्थानकाची ओळ शोधा. तरतूद किती, गेल्या वर्षी खर्च किती, निविदा कोणत्या तारखेला निघाली, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. मत मागायला उमेदवार दारात येईल, तेव्हा ते उत्तर हातात असू द्या.