“नाव काय ठरलं?”

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्यातून आत्या मराठीची प्राध्यापिका असली म्हणजे पाहायलाच नको! गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावजयीला दिवस गेले आणि हिंगोलीत मला रस्त्याने चालणे अवघड झाले. बसथांब्यावर, स्टाफरूममध्ये एकच प्रश्न : “मग, नाव काय ठरलं?” एका सहकाऱ्यांनी तर अटच घातली, “बाई, दोन अक्षरी असू द्या, जोडाक्षर नको!” कुणी हळूच विचारी, “मुलाचं शोधताय की मुलीचं?” गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते, म्हणून नावाच्या आडून ही चाचपणी. त्यापेक्षा डोहाळजेवणातला पेढा-बर्फीचा खेळ बरा, तो निदान उघड चालतो.

एरवी मला बोलायला आवडते. (विद्यार्थी साक्ष देतील.) पण तीन वर्षांपूर्वी याच घरात नाव आधी ठरले होते. भावजयीने ते हौसेने साऱ्यांना सांगितले. शेजारणीने त्या नावाचे दुपटेही विणून आणले. सातव्या महिन्यात सारे संपले. पुढे कितीतरी दिवस, न कळलेले कुणीतरी भेटे आणि नाव घेऊन बाळाची चौकशी करी. विचारणाऱ्याचा काय दोष? पण ती बाजारात जाईनाशी झाली.

या खेपेला तिने मला एवढेच सांगितले, “ताई, कुणाला काही सांगू नका.”

मग मी उत्तरे तयार केली. वडीलधाऱ्यांना : “बारशाला या, तिथंच कळेल.” आमंत्रण मिळाल्यावर चौकशी आपोआप थांबते. चिकट मंडळींना मी नामदेवांच्या घरात नेई. त्यांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नरसी आमच्याच जिल्ह्यात. त्यांची मुले नारा, विठा, गोंदा, म्हादा. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव ही देवांची भारदस्त नावे हाका मारून मारून अशी गुळगुळीत झालेली! इतके ऐकेपर्यंत विचारणाऱ्याची बस येई.

भाजीवाल्या मावशींपुढे मात्र माझी मात्रा चालली नाही. मी उलट विचारले, “मावशी, तुमच्या आईचं नाव काय हो?” त्या भेंडी तोलता तोलता म्हणाल्या, “नकुसा. चौथी पोर ना!”

सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा अडीचशेहून अधिक ‘नकुशां’ना समारंभाने नवी नावे दिली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्या दिवशी ते तोंडून निघेना.

भाच्ची झाली. जन्माची नोंद नावाशिवायही करता येते आणि वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. तरी आम्ही बाराव्या दिवशीच बारसे केले. मावशी आल्या होत्या. मी बाळाच्या कानात सांगितलेले नाव त्यांनी मला दोनदा म्हणायला लावले, आणि मग पाळण्यावर वाकून स्वतःच हाक मारून पाहिली.