वसुबारस कीं वाघबारस ?

गेल्या आश्विनांत, दिवाळीची सुटी लागण्यापूर्वीं चार दिवस, आमचा नातू शाळेंतून एक चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी वर्गाच्या बाईंची होती. तींत लिहिलें होतें कीं, शनिवारीं इयत्ता तिसरीच्या वर्गांत कांहीं मुलें 'आमच्या घरचा सण' या विषयावर बोलतील; घरांतील वडील माणसांस येतां आल्यास त्यांनीं अवश्य यावें. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हीच जा. तुम्हांला वर्ग कांहीं नवा नाहीं." ज्यानें ३४ वर्षें खडू हातांत धरिला त्यास वर्ग नवा नसतो, हें खरें, परंतु मागच्या बाकावर बसून वर्ग पाहण्याचा योग मला प्रथमच आला. तेथें बसल्या बसल्या माझ्या हातून घडलेल्या एका जुन्या अपराधाची आठवण झाली. ती सांगण्यासाठींच हा लेख लिहीत आहें.

आमचें इंदिरानगर ही नाशिकची नवी वस्ती. जुन्या नाशकांतील वाडे सोडून आमच्यासारखीं कुटुंबें येथें आलीं. सातपूर व अंबड येथील कारखान्यांच्या आश्रयानें खानदेशांतील, विदर्भांतील, इतकेंच काय, बिहारांतीलही मंडळी या बाजूस स्थायिक झाली. ज्या आळींत मी वाढलों तेथें घरोघरचा सण बहुधा सारखाच असे. शेजारच्या घरीं काय चाललें असेल हें न विचारतां कळे. येथें एका वर्गांत दहा गांवचे कुळाचार एका बाकाला बाक लावून बसलेले असतात, आणि एकाचा सण दुसऱ्यास ठाऊक नसतो.

पहिल्यानें एक मुलगी उठली. तिचें आजोळ जुन्या नाशकांत. तिनें रंगपंचमीची रहाड सांगितली : हा पेशवेकालीन हौद वर्षभर बुजविलेला असतो, फाल्गुन वद्य पंचमीस तो उघडून रंगीत पाण्यानें भरतात आणि लोक त्यांत उड्या घेतात. तिच्यामागून एका खानदेशी मुलानें आखाजी सांगितली. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. त्या दिवशीं त्याच्या दोन्ही आत्या माहेरीं येतात, सांजोऱ्या होतात, झोका बांधला जातो. गांवीं तो कडुनिंबाला असे, येथें गॅलरीच्या कडीला असतो. बहिणाबाई चौधरी यांनीं ज्या सणावर कविता रचिली तो हाच.

मग एक बिहारी मुलगी अडखळत्या पण गोड मराठींत छठपूजा सांगूं लागली. कार्तिक शुद्ध षष्ठीस तिची आई निर्जळी उपास करिते, गव्हाच्या पिठाचे व गुळाचे ठेकुए सुपांत घालून रामकुंडावर नेते, मावळत्या सूर्यास अर्घ्य देते, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे उगवत्या सूर्यास. "मावळणाऱ्याला कशाला ?" एकानें विचारलें. ती म्हणाली, "आई म्हणते, तो दिवसभर आपल्यासाठीं राबलेला असतो." मी मागच्या बाकावर चमकलों. सायंसंध्येंत मावळत्या सूर्यास अर्घ्य देण्याचा विधि आमच्या घरींही वडिलांपर्यंत चालू होता. माझ्या हातून तो केव्हां सुटला, हें मला सांगतां येणार नाहीं.

त्यानंतर आमच्या नातवाची पाळी आली. आश्विन वद्य द्वादशीस आमच्याकडे वसुबारस असते, आजी गाय-वासराची पूजा करिते, त्या दिवशीं गहूं व मूग खात नाहीं, बाजरीची भाकरी व गवारीची भाजी खाते, असें त्यानें धिटाईनें सांगितलें. "गहूं कां नाहीं खात ?" असा प्रश्न येतांच मात्र त्यानें वळून माझ्याकडे पाहिलें. मीं मान हालविली. वडिलांपासून चालत आलें, यापलीकडे मजजवळही उत्तर नव्हतें.

तो बसतो न बसतो तोंच शेवटच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्याकडे त्याच दिवशीं वाघबारस असते." मुलें हंसलीं. त्या मुलाचे वडील जवळच्याच एका इमारतीच्या फाटकावर पहारा करितात. गांव पेठच्या पलीकडे, डोंगरांत. मुलें हंसलीं तेव्हां माझ्या छातींत धस्स झालें, कारण हेंच वाक्य मीं एकदां ऐकिलें होतें, आणि त्या वेळीं वर्गासमोर मी उभा होतों.

सुमारें ३५ वर्षांपूर्वींची गोष्ट. एका खेड्यांतील शाळेंत मी दिवाळीवर निबंध सांगत होतों. एका आदिवासी मुलानें पाटीवर 'वाघबारस' असा शब्द लिहून आणिला. मी संस्कृत शिकलेला. शुद्धलेखनाचा कडवा अभिमानी. मीं सर्व वर्गाला ती पाटी दाखविली, फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'गोवत्सद्वादशी' असें लिहिलें, त्याचा विग्रह करून दाखविला आणि त्या मुलास म्हणालों, "वाघ नव्हे रे, वसु ! वाघाची कोणी पूजा करितो का ?" वर्ग हंसला. मुलानें पाटी पुसून 'वसुबारस' असें दहा वेळां लिहून आणिलें. अक्षर सुरेख होतें. मीं शाबासकी दिली. त्यानंतर वर्षभरांत त्या मुलानें आपण होऊन एकही शब्द वर्गांत उच्चारिल्याचें मला आठवत नाहीं. त्या वेळीं मला तें शहाणपणाचें लक्षण वाटलें होतें.

पांच-सहा वर्षांनीं माझी बदली पेठ तालुक्यांत झाली. एका दिवाळींत कांहीं कारणानें घरीं जाणें झालें नाहीं, तेव्हां गांवकऱ्यांबरोबर मी शिवेवर गेलों. तेथें सागाच्या फळीवर कोरलेला वाघदेव उभा होता. वर सूर्य-चंद्र, खालीं वाघ आणि नाग. गुराख्यांनीं घरोघर फिरून धान्य जमविलें होतें. देवास शेंदूर लाविला, नारळ फोडिला, कोणीं नवसाचा कोंबडाही दिला. मग एका म्हाताऱ्यानें हात जोडून वाघदेवाला विनविलें कीं, आमच्या गुरांस व गुराख्यांस सांभाळ, आमच्या शिवेंत येऊं नकोस. तिथि तीच : आश्विन वद्य द्वादशी. तेव्हां कोठें माझ्या ध्यानांत आलें कीं, दोन्ही पूजा एकाच गाईसाठीं आहेत. ज्याची गाय गोठ्यांत बांधलेली आहे तो तिच्या कपाळीं कुंकू लावितो. ज्याला ती रानांत न्यावयाची आहे त्याला वाघाचीच मनधरणी केली पाहिजे. मीं ज्याला अशुद्ध शब्द म्हटलें, तो त्या मुलाच्या घरचा शुद्ध शब्द होता. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं देशाचार व कुलाचार यांस मान दिला आहे, हें मी पाठशाळेंत शिकलों होतों. पण वर्गांत मला तें आठवलें नाहीं!

आतां इंदिरानगरांतील वर्गाकडे परत येतों. बाई हंसल्या नाहींत, रागावल्याही नाहींत. मुलें शांत झाल्यावर त्यांनीं त्या मुलाला इतकेंच विचारलें, "तुमच्याकडे काय काय करतात ?" तो सांगूं लागला. एका मुलीनें शंका काढिली, "पण वाघ तर गाय खातो. मग त्याची पूजा कां ?" मुलगा म्हणाला, "म्हणूनच." आणि मग जरा थांबून, "माझे आजोबा गुरें घेऊन रानांत जातात ना." कोणीसा म्हणाला, "बिबट्या तर नाशकांतसुद्धां येतो !" यावर मात्र कोणी हंसलें नाहीं. नाशिकच्या वस्तींत बिबट्या शिरल्याच्या बातम्या मुलांच्याही कानांवर असतात. मला ३५ वर्षांपूर्वीं जो प्रश्न सुचावयास पाहिजे होता, तो माझ्या मुलीच्या वयाच्या त्या बाईंस सहज सुचला.

ही दृष्टि आपल्याकडे अगदीं नवी आहे असें नाहीं. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें कार्य आरंभिलें व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें, तेव्हां गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात म्हणून त्यांनीं शाळाच कुरणावर नेली. तिचें नांव 'कुरणशाळा'. साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत अमळनेरास शिक्षक होते, आणि १९३३ सालीं आमच्या याच नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकांत श्याम रोज रात्रीं आपल्या घरच्या आठवणी सोबत्यांना सांगतो, एवढेंच आहे. पण एका कोंकणी घराचा आचार त्यामुळें साऱ्या महाराष्ट्राला आपला वाटला. त्याच गुरुजींनीं १९४९ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनांत आंतरभारतीची कल्पना मांडिली : एका प्रांताच्या माणसानें दुसऱ्या प्रांताची भाषा व रीत प्रेमानें जाणून घ्यावी. तिसरीच्या वर्गांतील तो तास म्हणजे त्याच कल्पनेचें बालरूप नव्हे काय ?

शिक्षकबंधूंस व भगिनींस अनुभवाच्या दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मुलाला 'खरें काय' असें विचारूं नये. 'तुमच्याकडे कसें' असें विचारावें. तसेंच सणास काय विकत घेतलें, किती कपडे झाले, हें तर मुळींच विचारूं नये. काय करितां, कोण कोण येतें, एवढेंच विचारावें. एखाद्या घरीं सुतक असतें. एखाद्याचे वडील पाडव्याच्या दिवशींही फाटकावर उभे असतात. अशा मुलास गप्प बसण्याचीही मुभा असावी. पण तो बोलूं लागला तर तो जें सांगेल तें फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहावें.

आतां एक शब्द आपणां घरच्या मंडळींसाठीं. शाळेंत सांगण्यासारखें कांहीं घरांत घडलें तरच मूल सांगणार. पूजेच्या वेळीं मुलाला 'दूर हो, शिवूं नकोस' म्हणण्यापेक्षां गाईच्या मूर्तीपुढें पणती लावण्याचें काम त्याला द्यावें. आजीला जें ठाऊक आहे तें तिला विचारून घ्यावें. आणि जेवतांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सणाविषयीं बोलतांना जीभ आवरावी. आपलें तें शास्त्र आणि दुसऱ्याचें तें खूळ, हा भेद मूल ताटावरच शिकतें, आणि मग वर्गांत हंसतें. त्या दिवशीं जीं हंसलीं त्यांत आमचाही नातू होता, हें मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें.

घरीं येतांना मीं त्याला याविषयीं कांहीं म्हटलें नाहीं. चार दिवसांनीं वसुबारस आली. सौभाग्यवतीनें पाटावर मातीची गाय व वासरूं मांडिलें. नातू जवळ बसून बराच वेळ पाहत होता. मग त्यानें विचारलें, "आजी, ही गाय चरायला कोठें जाते ?" ती म्हणाली, "पूर्वीं गुराखी नेत असे हो सगळ्या आळीच्या गाई." "आणि वाघ आला तर ?" तिनें माझ्याकडे पाहिलें. तेव्हां मीं त्याला पेठच्या शिवेवरील वाघदेवाची हकीकत सांगितली, आणि त्या पाटीचीही. कांहीं एक न लपवितां. ऐकून तो म्हणाला, "मग तुम्ही त्याला सॉरी म्हणालांत का ?"

म्हणालों नाहीं. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला असेल. कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. न जाणो, त्याचें मूलही आज एखाद्या वर्गांत शेवटच्या बाकावर बसत असेल. त्याला कोणी गुरुजी किंवा बाई 'तुमच्याकडे कसें ?' असें विचारोत, एवढीच इच्छा आहे.