बारावीची आणखी एक तयारी

दोस्तांनो, बारावीचा अभ्यास जोरात चालू असेल ना? पण 'एवढी फी कुठून आणायची?' हा प्रश्न निकालानंतर घरोघरी पडतो. त्याची तयारी आत्ताच करायची!

दिवाळीच्या सुट्टीत एक फाईल करा. राखीव जागेतून प्रवेश हवा असेल, तर जात पडताळणीचा अर्ज सर्वांत आधी. तिला वेळ लागतो. बँकखातं आधारशी जोडा. उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिलमध्ये काढा, कारण जुन्याची मुदत ३१ मार्चला संपते.

आणि मुलींनो, हे घरी नक्की सांगा! आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट काय? घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारी 'कॅप' फेरीतूनच घ्यायला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. शिवाय ती आपोआप मिळत नाही. 'महाडीबीटी' संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो, तोही दरवर्षी.

तेव्हा, 'परवडणार नाही, शिक्षण पुरे,' असं कुणी म्हणण्याआधी ही फाईल आई-बाबांपुढे ठेवा. मग बसा सगळे मिळून हिशेबाला!