वानरिणीच्या दिवसाचा हिशेब

सकाळी 6

पाटणादेवीला उजाडायच्या आत पोहोचायचं तर धुळ्याहून आदल्या रात्रीच चाळीसगाव गाठावं लागतं. वानरांची टोळी एकदा झोपेच्या झाडावरून उतरून डोंगराला लागली की तिला शोधण्यात अर्धी सकाळ जाते. मार्च संपत आलाय. मंदिरामागच्या वडावर दहा-बारा शेपट्या लोंबताना दिसतात, बाकीचं अजून अंधारातच आहे. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा हा चाळीसगावकडचा पायथा.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. सुट्टीत इथे येऊन एक वानरीण निवडायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावरून नजर हटवायची नाही, एवढंच काम. दर पाच मिनिटांनी वहीत एक शब्द लिहायचा: खाते, चालते, बसली, पाजते. ही पद्धत जीन ऑल्टमन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1974 साली नीट मांडली. पुढे केनियातल्या अंबोसेली इथल्या बबून मातांवर त्यांचं पुस्तक आलं, 1980मध्ये. त्यात वात्सल्याचं वर्णन थोडं आणि वेळेचा हिशेब फार. पोट भरायला किती तास, मुलाला किती, विश्रांतीला काय उरलं? बबूनची आई म्हणजे दोन नोकऱ्या एकदम करणारी बाई, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

सकाळी 6.40

आजची वानरीण डाव्या कानाला खाच असलेली. पोटाशी काळपट तपकिरी पिल्लू, चेहरा अजून फिका गुलाबी. आई राखाडी, पिल्लू काळं, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं. तीन ते पाच महिन्यांत हा रंग जाऊन आईसारखा येतो. हे अजून काही दिवसांचंच असावं. सुमारे दोनशे दिवस पोटात वाढवलेलं हे एकुलतं पिल्लू आता रांगायच्याही आधी हातोहात फिरणार आहे.

सकाळी 7.15

एक तरुण मादी शेजारी येऊन बसली. आधी आईचे केस विंचरल्यासारखे केले, मग बोट हळूच पिल्लाच्या पाठीवर. दोन मिनिटांत पिल्लू तिच्या छातीशी. आई उठली आणि पळसाच्या फांदीवर जाऊन उरलीसुरली फुलं खाऊ लागली.

सोबतचा वनमजूर इथलाच. मी वहीत ‘आई’ लिहिताना त्याने पाहिलं आणि म्हणाला, “सर, ती त्यानी माय नही, मावशी शे.”

बरोबर बोलला तो. वानरांच्या माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात, बाहेर पडतात ते नर. म्हणजे टोळीतल्या बाया बहुतेक एकमेकींच्या बहिणी, मावश्या, आज्या. माउंट अबूच्या वानरांवर 1971पासून काम केलेल्या सारा हर्डी यांच्या नोंदींत, पहिल्या काही आठवड्यांत पिल्लू दिवसाचा निम्म्यापर्यंत वेळ दुसऱ्यांच्या कडेवर काढतं. सगळ्यांत उतावीळ असतात त्या स्वतःला मूल न झालेल्या पोरी. त्यांना सराव मिळतो, आईला मोकळे हात मिळतात. पिल्लाला काय मिळतं? कधी कधी आपट. आजची मावशी त्याला उलटं धरून चालली आहे, डोकं खाली.

सकाळी 8.30

पिल्लू चौथ्या मादीकडे. लग्नघरी तान्हं मूल या मांडीवरून त्या मांडीवर जातं, तसं. खाचवाली अंजनाच्या कोवळ्या पाल्यावर. वहीत ओळीने ‘खाते, खाते, खाते’.

दूध मात्र उसनं मिळत नाही. पिल्लू चिरकायला लागलं की मावशीचा उत्साह ओसरतो, आणि आईला फांदी सोडून यावं लागतं. 8.50ला ती आली, ओढून घेतलं, पाजलं.

सकाळी 10

ऊन चढलं. टोळी ओढ्याच्या बाजूला सरकली. हालचाल फारशी नाही, म्हणून इथल्या माकडांबद्दल थोडं. खानदेशात वानर सगळीकडे. पण तांबड्या तोंडाच्या माकडाची गोष्ट वेगळी. उत्तरेकडचं ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचं टोपीवालं बॉनेट या दोन माकडांमधली पश्चिमेकडची सीमा म्हणून पुस्तकांत तापी नदीच दाखवत आले. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेला सरकतोय, टोपीवाल्याची जागा घेतोय, असं 2011च्या एका अभ्यासात नोंदलं आहे.

दोघींची आईपणाची तऱ्हाही निराळी. ऱ्हीसस आई पिल्लू कोणाला सहसा देत नाही. लांब गेलं तर शेपटीला धरून ओढते. तिच्या टोळीत आईचा मान मुलीला मिळतो, आणि बहिणींत धाकटी वरचढ ठरते. टोपीवाली त्या मानाने सैल. तिच्या पिल्लाला इतर माद्यांच्या घोळक्यात वावरायची मुभा असते. आणि वानरीण तर पहिल्याच दिवशी हात रिकामे करते.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘माकडाची आई’ म्हणून जी भेटते ती बहुधा ऱ्हीसस असते. विस्कॉन्सिनला हॅरी हार्लो यांनी पिल्लांना आईपासून तोडून तारेची आणि कापडाची अशा दोन बनावट आया दिल्या. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं कापडाला बिलगून राहिली. 1958चा त्यांचा निबंध जगभर गाजला. त्या काळी भारतातून हजारोंनी ऱ्हीसस परदेशी प्रयोगशाळांत जात. 1978मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. स्पर्श हवा, हे हार्लोंनी दाखवलं ते खरंच. पण ते कळायला पिल्लांना इतकं पोळवायला हवं होतं का, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारतो.

दुपारी 12.30

सगळी टोळी सावलीत निपचित. खाचवाली फांदीच्या बेचक्यात बसली आहे, पिल्लू मांडीत, एक म्हातारी तिच्या पाठीतल्या उवा निवडते आहे. मी भाकर-ठेचा खाऊन घेतला. भास्कराचार्यांच्या नातवाचं नाव सांगणारा 1207चा शिलालेख इथल्याच देवळातला. गणित्यांच्या या गावात बसून मी सकाळच्या बेरजा मारतो आहे. जागेपणाचा बहुतेक वेळ खाण्यात गेलाय.

दुपारी 3

वरच्या कड्यावरून दणदणीत ‘हुप्, हुप्’. टोळीचा हुप्प्या ताडकन उठून त्या दिशेला धावला. खाचवालीने पिल्लू मावशीच्या हातून हिसकावून घेतलं आणि झाडाच्या शेंड्याला गेली. बाहेरच्या नरांची टोळकी कड्याकडे असतात, ती उतरली असणार.

ही भीती फुकाची नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने पाहिलं की बाहेरच्या नरांनी जुन्या हुप्प्याला हुसकल्यावर टोळीतली तान्ही पिल्लं मारली गेली. हर्डींनी त्याचं कारण मांडलं: पिल्लू गेलं की आई लवकर पुन्हा माजावर येते, आणि नव्या नराला आपली संतती मिळते. सुरुवातीला पुष्कळांनी हे मानलं नाही, आज बहुतेक मानतात. अशा हल्ल्यात कधी कधी सर्वांत त्वेषाने आडव्या येतात त्या आता व्यायचं वय सरत आलेल्या म्हाताऱ्या. म्हणून दुपारी पाठ निवडणारी ती म्हातारी माझ्या लेखी महत्त्वाची.

आपल्याकडे हौदातल्या माकडिणीची गोष्ट प्रत्येक मुलाला सांगतात. पाणी नाकाशी आलं तेव्हा तिने पिल्लाला पायाखाली घेतलं म्हणे. प्रत्यक्षात वानरिणी मेलेलं पिल्लूही दिवसेंदिवस उराशी घेऊन फिरतात, हे अनेकांनी लिहून ठेवलंय. ती गोष्ट माणसाने स्वतःसाठी रचलेली असावी.

दुपारी 4.30

हुप्प्या परतला. खाली एक वर्षाचं होत आलेलं दुसरं पिल्लू आईच्या मागे किंचाळत फिरतंय. आई थानाला तोंड लावू देत नाही, हाताने ढकलते. त्याने जमिनीवर अंग टाकलं. वनमजूर हसला. पण याच ढकलण्यात पुढचं बाळंतपण दडलेलं असतं. अंगावर पाजणं चालू असेतो आई सहसा गाभण राहत नाही. आणि हे पोर आता पाल्यावर जगायला शिकलंच पाहिजे. वानराचं पोट अनेक कप्प्यांचं, पाला तिथे जंतूंच्या मदतीने आंबतो. कोणती पानं, कोणत्या महिन्यात, कोवळी की जून, हे सगळं आईशेजारी बसून तिचं तोंड बघत कळतं.

संध्याकाळी 5.15

देवीला आलेल्या एका गाडीतून बिस्किटं आणि केळी पडली. अर्धी टोळी खाली. खाचवालीही, पिल्लू पोटाशी. नर पुढे घुसला, तिच्या वाट्याला सालं आली, वर थप्पड.

इथे न्यूयॉर्कचा एक प्रयोग सांगायलाच हवा. लिओनार्ड रोझेनब्लम यांनी 1980च्या दशकात टोपीवाल्या माकडांच्या मातांचे गट केले. काहींना अन्न सहज मिळे, काहींना रोज कष्टाने, आणि काहींना कधी सहज तर कधी कष्टाने, नेम नाही. कष्टाने मिळवणाऱ्या आयांची पोरं ठीक वाढली. बिघडली ती बेभरवशाच्या गटातली. आया अस्वस्थ, पोरं चिकटून राहणारी, बुजरी. मोठी झाल्यावरही त्यांच्या शरीरात ताणाच्या रसायनाचं प्रमाण जास्त सापडलं. म्हणजे टंचाई आईला झेपते. उद्या मिळेल की नाही याचा घोर तिला खातो, आणि तो पिल्लात उतरतो.

संध्याकाळी 6.45

टोळी वडावर चढली. दिवसभर फिरलेली सगळी पिल्लं आपापल्या आईकडे परतली आहेत. रात्री दूध तिच्याकडेच. वहीत शेवटचा शब्द: पाजते.

औट्रम घाटात गाडी थांबवून खिडकीतून केळं टाकणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. केळं देणं पुण्याचं वाटलं तरी ते वानराच्या पोटाला मानवत नाही, पिल्लासकट आई रस्त्यावर येते, आणि तुम्ही उद्या त्या वळणावर नसता. कृपा करून काच वर ठेवा आणि गाडी पुढे जाऊ द्या.