पालकमंत्र्याच्या हातात काय असते?

महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याला पालकमंत्री असतो, पण राज्यघटनेत या पदाचा उल्लेख सापडत नाही. मुख्यमंत्री सहकाऱ्यांना जिल्हे वाटून देतात आणि सामान्य प्रशासन विभाग तसा आदेश काढतो. तुलनेसाठी पाहा, घाना देशात अशांतीसारख्या प्रांताच्या मंत्र्याला मात्र १९९२ च्या राज्यघटनेचा आधार आहे. राष्ट्राध्यक्ष त्याची नेमणूक करतात, तिला संसदेची मान्यता लागते आणि प्रांतात तो राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी असतो. महाराष्ट्रातला पालकमंत्री मुंबईतले आपले खाते सांभाळून जिल्हा पाहतो.

तरीही त्याचे वजन मोठे, कारण जिल्हा नियोजन समितीचा तो अध्यक्ष असतो. ७४व्या घटनादुरुस्तीने अशा समित्यांची तरतूद केली आणि राज्याने १९९८ मध्ये त्यासाठी कायदा केला. जिल्हाधिकारी समितीचे सदस्य-सचिव असतात. चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, ग्रामीण-नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात घेतले जातात. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा कुठे जाणार, हे या बैठकीत ठरते.

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या गावाला याचा थेट अनुभव येतो. ग्रामपंचायत असताना गावाची भिस्त जनसुविधेचा निधी आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यांच्या '३०५४' लेखाशीर्षावर होती. नगरपरिषद झाल्यावर तेच गाव नगरोत्थान योजनेच्या रांगेत उभे राहते. रांग बदलली, तरी यादीवर शेवटचा हात पालकमंत्र्याचाच. आमदार त्याच्या मागे-पुढे का असतात, ते यावरून कळावे.

२०२० पासून अकोल्याला मिळालेले पालकमंत्री जिल्ह्याबाहेरच्या मतदारसंघांतले आहेत. आधी अचलपूरचे बच्चू कडू, मग २०२२ मध्ये नागपूरचे देवेंद्र फडणवीस, २०२३ मध्ये शिर्डीचे राधाकृष्ण विखे पाटील आणि जानेवारी २०२५ पासून शेजारच्या खामगावचे आकाश फुंडकर. फडणवीसांकडे तर एकाच वेळी सहा जिल्हे होते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशीच दिसणाऱ्या मंत्र्याला लोक 'झेंडा टू झेंडा' पालकमंत्री म्हणतात, ते उगाच नाही. बाहेरचा मंत्री स्थानिक गटातटांपासून मोकळा असतो, हा त्याचा फायदाही खरा. पण नियोजनाची बैठक त्याच्या सवडीने लागते, हा तोटा जास्त जाचतो.

नेमणूकच लांबली तर प्रश्न आणखी बिकट होतो. ३० जून २०२२ ला सत्तांतर झाले आणि पालकमंत्री ठरले २४ सप्टेंबरला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकार आले, तेव्हा यादी १८ जानेवारीला निघाली आणि वादामुळे रायगड-नाशिकच्या नेमणुका दुसऱ्याच दिवशी स्थगित झाल्या. अध्यक्षाविना नियोजन समितीची बैठक अडते आणि आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपते.