हार्लेमच्या टेकडीवरचे मोफत कॉलेज

इंटरनेटची गोष्ट बहुतेक वेळा कॅलिफोर्नियातून सुरू होते. मला ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका टेकडीवरून सुरू करायची आहे. मॅनहॅटनच्याच पोटातून काढलेल्या काळपट दगडाच्या इमारतींत तिथे १९०७ पासून सिटी कॉलेज भरते. १९५७ साली या कॉलेजातून लेनर्ड क्लाइनरॉक नावाचा तरुण विद्युत अभियंता होऊन बाहेर पडला. १९६० साली रॉबर्ट कान बाहेर पडला आणि त्याच वर्षी रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन अँड्र्यू ग्रोव्ह. पहिल्याने संदेशांच्या रांगांचे गणित मांडले आणि पुढे त्याच्याच प्रयोगशाळेतून इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा पहिला संदेश गेला. दुसऱ्याने वेगवेगळी जाळी एकमेकांशी बोलू शकतील असे नियम व्हिंट सर्फ यांच्याबरोबर लिहिले. तिसऱ्याने इंटेल ही कंपनी घडवली. तिघेही ज्यू होते, आणि तिघांनाही या कॉलेजात शिकवणीची फी पडली नाही.

ज्यूंच्या तंत्रज्ञानातल्या कामगिरीबद्दल दोन प्रकारे बोलले जाते. एक कौतुकाचा सूर असतो: या लोकांच्या रक्तातच बुद्धी आहे. दुसरा विषारी असतो: सगळी सूत्रे यांच्याच हातात आहेत. दोन्ही सूर रक्ताकडे बोट दाखवतात, आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत. माणसांची चरित्रे बारकाईने वाचली की रक्तापेक्षा दरवाजे दिसतात. कोणते बंद होते, कोणता उघडा होता, आणि तो कोणी, कोणाच्या पैशाने उघडा ठेवला होता.

आधी बंद दरवाजांबद्दल. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघडपणे मर्यादा सुचवली. ज्यू विद्यार्थी तोवर वर्गाच्या पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचले होते आणि ते जास्त झाले असे त्यांचे मत होते. हा कोटा आत घेण्यासाठी नव्हता, बाहेर ठेवण्यासाठी होता. उघड प्रस्ताव बारगळला, पण तेच काम आडमार्गाने झाले. अर्जावर फोटो मागितला जाऊ लागला, घराण्याचे आडनाव कधी बदलले आहे का असे विचारले जाऊ लागले, गुणांऐवजी ‘व्यक्तिमत्त्व’ तोलले जाऊ लागले. कोलंबिया, येल, प्रिन्स्टन यांनीही आपापल्या परीने हेच केले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने घेतले नाही ते याच काळात, आणि ते एमआयटीत गेले. न्यूयॉर्क राज्याने प्रवेशातल्या अशा भेदभावाला कायद्याने बंदी घातली ती १९४८ साली.

उघडा दरवाजा होता सिटी कॉलेजचा. टाउनसेंड हॅरिस या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १८४७ साली ‘फ्री अकॅडमी’ म्हणून ते स्थापन झाले. शहराच्या करांतून चालणारे, गुणांवर प्रवेश देणारे, फी न घेणारे. पूर्व युरोपातून आलेले शिंपी, फेरीवाले, कारखान्यातले कामगार यांची मुले इथे येत. १९३० च्या दशकात इथले बहुसंख्य विद्यार्थी ज्यू होते. पोलिओची लस देणारे जोनास साल्क १९३४ चे पदवीधर. १९३७ च्या एकाच वर्गातून आर्थर कॉर्नबर्ग, जेरोम कार्ल आणि हर्बर्ट हाउप्टमन असे तीन भावी नोबेल मानकरी बाहेर पडले. म्युनिकहून १९३९ साली मुलांच्या बचाव-गाडीतून इंग्लंडला पाठवलेले आर्नो पेन्झियास १९५४ साली इथूनच पदवीधर झाले, आणि बेल लॅब्जमध्ये दुसऱ्या एका संशोधकाबरोबर त्यांनी विश्वाच्या जन्माच्या वेळचा रेडिओ-अवशेष पकडला.

क्लाइनरॉक यांचा जन्म १९३४ चा, आईवडील पूर्व युरोपातून आलेले. सहाव्या वर्षी सुपरमॅनच्या चित्रकथेच्या पुस्तकात त्यांना क्रिस्टल रेडिओ बनवण्याची कृती सापडली. वापरलेले दाढीचे पाते, पेन्सिलीतले शिसे, पुठ्ठ्याची नळी, तार. कानाला लावायचा भाग त्यांनी सार्वजनिक टेलिफोनमधून काढून आणला आणि एक लहानसा सुटा भाग कॅनाल स्ट्रीटवरच्या दुकानातून विकत घेतला. वीज नाही, बॅटरी नाही, तरी संगीत ऐकू आले. आपण अभियंता झालो ते त्या दिवशी, असे ते सांगत आले आहेत.

पण कॉलेजची वेळ आली तेव्हा घरात पैशाची चणचण होती. फी माफ असली तरी दिवसभर वर्गात बसणे परवडणारे नव्हते. क्लाइनरॉक दिवसा एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तंत्रज्ञ म्हणून काम करत आणि संध्याकाळी सिटी कॉलेजच्या रात्रीच्या वर्गांना जात. पदवीला साडेपाच वर्षे लागली. रात्रीच्या वर्गांचा एक फायदा त्यांनी वारंवार सांगितला आहे: शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः दिवसा उद्योगात काम करणारे अभियंते होते. त्यांनी पुस्तकातले सूत्र फळ्यावर लिहिले की ते कारखान्यात कुठे अडते हेही कळायचे. पुढे शिष्यवृत्तीवर ते एमआयटीत गेले.

तिथे त्यांनी निवडलेला प्रश्न त्या काळी फारसा कोणी हातात घेतलेला नव्हता. संगणकांचे जाळे असेल तर प्रत्येक सांध्यावर संदेश येणार, थांबणार, पुढे जाणार. म्हणजे रांगा लागणार. एका रांगेचे गणित टेलिफोनवाल्यांना माहीत होते. एकीतून बाहेर पडून दुसरीत शिरणाऱ्या शेकडो रांगांचे काय? क्लाइनरॉक यांच्या प्रबंधाने हे गणित सोडवता येण्याजोगे केले. वाहतूक क्षमतेच्या जवळ जाते तसा थांबण्याचा वेळ किती झपाट्याने फुगतो, आणि जाळ्याची क्षमता कुठे किती वाटावी, याची उत्तरे त्यात होती. संदेशाचे तुकडे करून पाठवण्याची मूळ कल्पना कोणाची यावर वाद आहे. क्लाइनरॉक स्वतःसाठी त्यातला मोठा वाटा मागतात. मला पुरावे पाहता ते श्रेय दुसऱ्या दोघांचे वाटते: वेल्श वंशाचे ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड डेव्हिस आणि पॉल बॅरन.

बॅरन यांच्यापाशी थांबायलाच हवे, कारण त्यांच्याही आयुष्यात रात्रीचे वर्ग आहेत. १९२६ साली तेव्हाच्या पोलंडमधल्या ग्रोड्नो गावी जन्म, दोन वर्षांचे असताना अमेरिका, फिलाडेल्फियात वडिलांचे किराणा दुकान. ड्रेक्सेल इथून पदवी. मग ह्यूज एअरक्राफ्टमध्ये नोकरी करत लॉस एंजलिसच्या सरकारी विद्यापीठात रात्री शिकून १९५९ साली पदव्युत्तर पदवी. त्यांचे मार्गदर्शक जेराल्ड एस्ट्रिन होते. हे एस्ट्रिन त्याआधी प्रिन्स्टनला गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणकावर काम करून, मग इस्रायलच्या रेहोवोत गावी जाऊन त्या देशाचा पहिला संगणक वायझॅक बांधून परतले होते. बुडापेस्टचे फॉन नॉयमन, त्यांचे सहकारी एस्ट्रिन, एस्ट्रिन यांचे विद्यार्थी बॅरन: ज्ञान या हातातून त्या हातात असे गेले.

रँड या संस्थेत बॅरन यांच्यापुढे प्रश्न होता की अणुहल्ला झाला तर टेलिफोनचे जाळे टिकेल का. मध्यवर्ती केंद्रावर बाँब पडला की सगळे मुके. त्यांचे उत्तर असे: केंद्रच ठेवू नका. प्रत्येक सांधा तीनचार शेजाऱ्यांना जोडा, संदेशाचे ठरावीक लांबीचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घाला आणि त्याला त्या क्षणी मोकळी असेल ती वाट धरू द्या. निम्मे जाळे उद्ध्वस्त झाले तरी उरलेले बोलत राहील, हे त्यांनी संगणकावर आकडेमोड करून दाखवले. १९६४ साली ही सगळी मांडणी अकरा खंडांत छापून निघाली. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी मात्र हे चालणारच नाही असे ठरवले होते. पुढे हवाई दल पैसे द्यायला तयार झाले, तेव्हा काम चुकीच्या सरकारी खात्याकडे जाणार हे पाहून बॅरन यांनीच ते थांबवायला सांगितले. वाईट करून नाव खराब होण्यापेक्षा न झालेले बरे, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो मला फार मोठा वाटतो.

अर्पानेट हे जाळे उभे राहिले ते अणुयुद्धासाठी नव्हे, हेही इथे स्पष्ट सांगायला हवे. संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेला महागडे संगणक संशोधकांमध्ये वाटून वापरायचे होते. तिथल्या लॅरी रॉबर्ट्स यांनी आराखडा केला, त्यात बॅरन आणि डेव्हिस यांच्या कल्पना आल्या आणि जाळ्याचे मोजमाप लॉस एंजलिसच्या त्याच सरकारी विद्यापीठातल्या क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेकडे सोपवले गेले. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने लॉस एंजलिसहून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात ‘लॉगिन’ टाइप करायला घेतले. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने पुन्हा जोडणी झाली आणि काम सुरू झाले.

जाळ्याच्या सांध्यांवर बसवलेली यंत्रे बोस्टनजवळच्या बीबीएन या कंपनीने बनवली होती, आणि तिथल्या रचनाकारांत होते ब्रुकलिनमध्ये जन्मलेले रॉबर्ट कान. जाळ्यात कोंडी होऊन ते जागच्या जागी अडकेल, अशी भीती कान यांना होती. सहकाऱ्यांना ती अवास्तव वाटे. १९७० च्या सुरुवातीला कान लॉस एंजलिसला गेले आणि क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी जाळे मुद्दाम कोलमडवून दाखवले. त्यांनी सांगितलेले मोजमापाचे प्रोग्राम तिथे लिहून देणारा विद्यार्थी होता व्हिंट सर्फ. सर्फ ज्यू नाहीत. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर हे इंटेलचे संस्थापकही ज्यू नव्हते. हे सगळे काम मिसळलेल्या हातांनी झाले.

कान १९७२ साली अर्पात गेले. तारेवरचे जाळे, रेडिओवरचे, उपग्रहावरचे, प्रत्येकाची चाल वेगळी. ती बदलायला न लावता जोडायची कशी? मे १९७४ मध्ये सर्फ आणि कान यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक जाळे आतून हवे तसे राहो, सीमेवर एक दुभाषा यंत्र ठेवा आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची जबाबदारी दोन्ही टोकांच्या संगणकांवर टाका. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या नियमांवर आले. नियम सर्वांना खुले ठेवले गेले. कोणालाही ते फुकट वापरता येतात, म्हणून जग जोडले गेले.

तिसरे ग्रोव्ह. १९३६ साली बुडापेस्टमध्ये आंद्राश ग्रोफ म्हणून जन्म. चौथ्या वर्षी स्कार्लेट तापाने कान अधू झाले. वडिलांना सक्तमजुरीच्या तुकडीत नेले. १९४४ साली जर्मन फौजा शहरात आल्यावर आईने मुलाला खोटे नाव शिकवले आणि ओळखीच्यांकडे दोघे लपून राहिले. १९५६ चा हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला तेव्हा देश सोडून गेलेल्या सुमारे दोन लाखांत हा वीस वर्षांचा मुलगा होता. रात्री पायी ऑस्ट्रियाची सीमा ओलांडून, मग एका जुन्या सैनिकी जहाजातून तो ७ जानेवारी १९५७ ला न्यूयॉर्कला पोहोचला. ब्रॉन्क्समध्ये काकांच्या छोट्या घरात सोय झाली. इंग्रजी अडखळत होते, ऐकू कमी येत होते, खासगी संस्थेची फी आवाक्याबाहेर होती. सिटी कॉलेजने त्याला घेतले. पदवीच्या वर्गात तो आघाडीवर होता.

बर्कलीहून डॉक्टरेट घेऊन ग्रोव्ह फेअरचाइल्ड कंपनीत गेले. सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर वेळ आणि तापमान यांनुसार कसा वाढतो याचे ब्रूस डील यांच्याबरोबर मांडलेले सूत्र आजही वर्गात शिकवतात. नव्या ट्रान्झिस्टरांच्या लहरी वागण्यामागे ऑक्साइडमध्ये शिरलेले सोडियमचे कण असतात, हे दाखवणाऱ्या चमूतही ते होते. हे कोडे सुटले नसते तर मायक्रोप्रोसेसर भरवशाचा झाला नसता. १९६८ साली ते इंटेलमध्ये आले आणि १९८७ साली तिचे प्रमुख झाले. मेमरी चिपमध्ये जपानी कंपन्यांपुढे हार दिसू लागल्यावर, १९८५ साली, ज्या धंद्यावर कंपनी उभी राहिली तोच सोडून मायक्रोप्रोसेसरवर सगळी भिस्त टाकण्याचा निर्णय त्यांनी मूर यांच्यासह घेतला.

ग्रोव्ह यांच्या हाताखाली डोव्ह फ्रोमन होते. जन्म १९३९ चा, ॲमस्टरडॅमला. जर्मन ताब्याच्या काळात पोलंडहून आलेल्या आईवडिलांनी मुलाला एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाकडे सोपवले आणि तो वाचला. ते स्वतः वाचले नाहीत. फ्रोमन यांनी १९७१ साली वीज गेली तरी मजकूर राखणारी आणि अतिनील प्रकाशाने पुसता येणारी चिप बनवली. आज खिशातल्या फोनमध्ये असणारी फ्लॅश मेमरी त्याच घराण्यातली. १९७४ साली इंटेलचे अमेरिकेबाहेरचे पहिले रचना-केंद्र हैफाला सुरू झाले ते त्यांच्या आग्रहाने, आणि आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतला ८०८८ हा प्रोसेसर तिथे आकाराला आला.

सिटी कॉलेजचे पुढे काय झाले? १९६० च्या दशकात हार्लेम कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन वस्तीचे होते, पण टेकडीवरच्या वर्गांत त्या वस्तीची मुले फार थोडी होती. त्यांच्या शाळाच अशा होत्या की प्रवेशाचे गुण गाठणे अवघड. १९६९ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या आवाराचा एक भाग ताब्यात घेतला, आणि १९७० पासून शहरातली माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, हे कॉलेज ज्याचा भाग होते त्या शहराच्या विद्यापीठात जागा मिळू लागली. सहा वर्षांत शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि १९७६ साली, १२९ वर्षांनी, फी सुरू झाली. शहराची तिजोरी खरोखरच रिकामी होती, हे मान्य. तरीही हार्लेमची मुले आत येताच मोफत शिक्षण संपले, हा क्रम मला बोचत राहतो.

२००५ साली ग्रोव्ह यांनी कॉलेजला २.६ कोटी डॉलर दिले आणि अभियांत्रिकी विभागाला त्यांचे नाव लागले. २०१७ साली न्यूयॉर्क राज्याने ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांतील मुलांसाठी सरकारी विद्यापीठांची फी माफ करणारी योजना आणली. तिची एक अट आहे: विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकून वर्षाला तीस क्रेडिट पूर्ण केले पाहिजेत. दिवसा नोकरी करून साडेपाच वर्षांत पदवी घेणारा लेनर्ड क्लाइनरॉक तिच्यात बसला नसता.